एमआरआयचा दर कोण ठरवतं?

(दृश्य: टोकियो. हॉस्पिटलमधला पैसे भरायचा काउंटर.)

डोकं सतत दुखतंय म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. तो टोकियोत काढा, नाहीतर होक्काइदोच्या एखाद्या खेड्यात. यंत्र त्याच ताकदीचं असेल तर दर तोच. जपानमध्ये अख्ख्या देशाला एकच सरकारी दरपत्रक आहे. टाके घालण्यापासून मेंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत प्रत्येक कामाचे गुण ठरलेले, आणि एक गुण म्हणजे 10 येन. हॉस्पिटल खासगी आहे की सरकारी, याने दरात फरक पडत नाही.

(दृश्य: न्यू जर्सी. संध्याकाळचा महामार्ग.)

अमेरिकेत दर विचारा. उलट प्रश्न येतो: विमा कुठला आहे? एकाच शहरात, एकाच तपासणीचे दर हॉस्पिटलगणिक वेगळे. एकाच हॉस्पिटलात पुन्हा विमा कंपनीगणिक वेगळे. मुलाकडे निघालेले आपले काका-काकू दातांची कामं इथेच उरकून, सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून विमानात बसतात, ते उगाच नाही.

2023 साली अमेरिकेने आरोग्यावर माणशी सुमारे 14,500 डॉलर खर्च केले. देशाच्या उत्पन्नाचे 17.6 टक्के. जपानचा खर्च 11 टक्क्यांच्या आसपास. आणि सरासरी आयुर्मान? जपानचं 84 वर्षं, अमेरिकेचं 78.4.

मग अमेरिकन माणूस उठसूट डॉक्टरकडे धावतो का? तसंही नाही. जपानी माणूस वर्षातून दहा-बारा वेळा डॉक्टरची पायरी चढतो, अमेरिकन साधारण चारदा. जपानी पेशंट दोन-दोन आठवडे हॉस्पिटलात राहतो, अमेरिकन आठवड्याच्या आत घरी. 2003 साली आरोग्य-अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी श्रीमंत देशांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले. अमेरिकेत उपचार जास्त होत नव्हते, ते महाग होते.

आयुर्मानाचं सगळं श्रेय दरपत्रकाला देणं मात्र लबाडी होईल. अमेरिकेत दहांतले चार प्रौढ लठ्ठ आहेत, जपानमध्ये शंभरातले चार-पाच. बंदुका, नशेच्या गोळ्या, रस्त्यावरचे अपघात, यांतलं काहीच डॉक्टरच्या हातात नसतं. खर्चाची तुलना त्या मानाने सरळ आहे.

(दृश्य: एमआरआय यंत्र. आत सरकणारा पेशंट.)

जपानमध्ये 1961 पासून प्रत्येकाला आरोग्य विमा सक्तीचा आहे. दर दोन वर्षांनी डॉक्टरांचे आणि विमा संस्थांचे प्रतिनिधी समोरासमोर बसतात, मधे तज्ज्ञ, आणि दरांची घासाघीस चालते. 2002 साली डोक्याच्या एमआरआयचा दर सुमारे 30 टक्क्यांनी कापला गेला. एवढ्या कात्रीनंतर यंत्रं गायब व्हायला हवी होती. पण हॉस्पिटलांनी स्वस्तातली, छोटी यंत्रंही वापरली, आणि आज लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक एमआरआय यंत्रं असलेल्या देशांत जपान अगदी वरच्या रांगेत आहे.

याची किंमत पेशंट वेळेने मोजतो. दर कमी, म्हणून डॉक्टर पेशंटची संख्या वाढवतो. मोठ्या हॉस्पिटलांबद्दल जपानी लोकांचीच एक म्हण आहे: तीन तास वाट पाहा, तीन मिनिटं तपासून घ्या.

(दृश्य: पुन्हा काउंटर. पावती घेणारे सुरकुतलेले हात.)

बिलाचा 30 टक्के वाटा पेशंटचा, पंचाहत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांचा 10 टक्के. शिवाय महिन्याला ठरावीक रकमेपुढे खिशाला फारसा हात लागत नाही. ती मर्यादा उत्पन्नावर ठरते. पण आज देशातले 29 टक्के लोक पासष्टीच्या पुढचे आहेत, आणि विम्याची वर्गणी भरणारे हात कमी होत चाललेत. म्हणून सरकारने ही मर्यादा वाढवायचं ठरवलं. कर्करोगाचे पेशंट विरोधात उभे राहिले. मार्च 2025 मध्ये पंतप्रधान शिगेरू इशिबा यांनी ती वाढ थांबवली. वाढते पैसे कोणी भरायचे, यावर टोकियोत वाद सुरूच राहिला.