लोकरीवर जाऊ नका: शेटलंडच्या हिवाळ्यातील मेंढी, कुत्रा आणि मांजर

नमस्कार. मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागे मेंढ्या पावसात चरताना दिसल्या आणि तेव्हापासून दोनच प्रकारच्या प्रतिक्रिया येत आहेत. पहिली, ‘ताई, त्या बिचाऱ्यांना आत का घेत नाही?’ आणि दुसरी, ‘किती गुबगुबीत आहेत!’ पहिलीचे उत्तर मी झटपट देणार आहे. दुसरीने मात्र माझे डोके फिरवले आहे, म्हणून आजचा व्हिडिओ मुख्यतः त्या ‘गुबगुबीत’ शब्दावर आहे.

शेटलंड हा स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, साठाव्या अक्षांशावर असलेला बेटांचा समूह आहे, हे नेहमीच्या प्रेक्षकांना ठाऊक आहेच. डिसेंबरच्या अखेरीस इथे सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो. थंडी मात्र तुम्हाला वाटते तेवढी कडाक्याची नसते, कारण भोवतालच्या समुद्रामुळे जानेवारीतही दुपारी 6 अंशांच्या आसपास तापमान असते आणि बर्फ पडला तरी फारसा टिकत नाही. खरा जाच वाऱ्याचा आणि ओलीचा आहे, आणि वारा अडवायला इथे झाडे जवळजवळ नाहीतच.

आता मेंढ्यांना आत का घेत नाही, याविषयी. शेटलंड जातीची मेंढी चणीने लहान असली तरी तिची लोकर दाट आणि तेलकट असते. तिच्या पाठीवर पडलेले हिम बराच वेळ तसेच राहते, याचा अर्थ अंगातली ऊब बाहेर पडत नाही. शिवाय पोटात वाळलेले गवत आंबत असते आणि त्यातून उष्णता तयार होते, म्हणून वादळी रात्रीच्या आधी आम्ही गवत जरा सढळ हाताने टाकतो. याउलट त्यांना कोंदट गोठ्यात दाटीवाटीने कोंडले, तर साचलेल्या ओलीमुळे न्यूमोनियाला आमंत्रण मिळते. त्यांना छप्पर नको असते, आडोसा हवा असतो, आणि तो दगडी बांधाच्या मागे मिळतो. या बांधाला इथे डाइक म्हणतात. वारा कोणत्या दिशेने येणार, हे मेंढ्यांना आपल्या आधी कळते आणि त्या निमूटपणे बांधाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे संपले.

आता गुबगुबीतपणाविषयी. तुम्हाला दिसते ती मेंढी नव्हे, ती लोकर आहे. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण तीन वर्षांपूर्वी मी स्वतः याच चुकीत सापडले होते. शेजारच्या आजी दोन आठवड्यांसाठी मुख्य भूमीवर गेल्या होत्या आणि त्यांच्या अकरा मेंढ्या माझ्यावर सोपवल्या होत्या. मी रोज गवत टाकत होते, मेंढ्या मोजत होते आणि सगळ्या कशा गोलमटोल आहेत, असे आजींना फोनवर सांगत होते. आजी परतल्या, बोटीचा बारा तासांचा प्रवास करून आलेल्या असूनही आधी कुंपणापाशी गेल्या आणि एका म्हाताऱ्या मेंढीच्या कमरेवर त्यांनी हात दाबला. मग काही न बोलता माझा हात धरून त्याच जागी ठेवला. चार बोटे जाडीच्या लोकरीखाली फणीच्या दातांसारखी हाडे लागली. तिचे पुढचे दात झिजले होते आणि गव्हाणीपाशी धष्टपुष्ट मेंढ्या तिला बाजूला लोटत होत्या. मी अगदी रोज तिच्याकडे पाहत होते.

तर हात नेमका कुठे ठेवायचा, ते नीट पाहा. हाताला जे लागेल त्यावरून मेंढीला 1 ते 5 गुण द्यायचे, 1 म्हणजे हडकलेली आणि 5 म्हणजे फार लठ्ठ. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या मणक्यांवर. लोकर वरवर थोपटायची नाही, बोटे लोकरीतून कातडीपर्यंत उतरली पाहिजेत. अंगठा मधल्या कण्यावर ठेवायचा आणि बोटांची टोके बाजूला निघालेल्या आडव्या हाडांच्या टोकांखाली घालून पाहायची. टोके टोकदार लागली आणि बोटे सहज आत शिरली, तर 1 गुण. टोके जाणवतात पण गुळगुळीत लागतात, तर 2. जोर देऊन दाबल्यावरच जाणवली, तर 3. बाजूच्या हाडांची टोके अजिबात लागत नाहीत आणि कण्याची नुसती रेषा जाणवते, तर 4, आणि कणाही सापडत नसेल तर 5. डोंगराळ भागातल्या मेंढीला मेंढा दाखवताना अडीचच्या आसपास गुण असावेत, अशी अपेक्षा असते.

हे करताना मेंढी मोकळी उभी असली पाहिजे, कारण कोपऱ्यात चेपलेली मेंढी अंग आखडते आणि आकडा चुकतो. तिला लोकर धरून ओढू नका. एक हात हनुवटीखाली आणि दुसरा मागच्या बाजूला पुरतो. लोकर ओढली की खालच्या मांसात रक्त साकळते, आणि एका प्रेक्षकांनी ‘केस तर आहेत, दुखणार काय?’ असे विचारले होते, त्यांनी आधी स्वतःचे केस ओढून पाहावेत.

‘एवढा खटाटोप कशाला, वजनकाट्यावर उभी करा’ असेही काही जण लिहितात. शेटलंडच्या पावसात भिजलेली लोकर स्वतःच चांगली वजनदार होते, आणि ही मेंढी गाभण आहे. इथे मेंढा साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कळपात सोडतात. 20 नोव्हेंबरला सोडला तर 147 दिवसांच्या हिशेबाने 16 एप्रिलच्या सुमारास कोकरे येऊ लागतात, म्हणजे कोवळ्या गवताशी त्यांची गाठ पडते. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या काळात काटा वर चढतो, आणि आई मात्र आतून वाळत असते. काटा पाणी मोजतो, लोकर मोजतो, कोकरू मोजतो. पाठीवरचे मांस तेवढे वेगळे काढून दाखवत नाही. गमावलेला एक गुण भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे मार्चमध्ये जाग येऊन उपयोग नसतो, हात जानेवारीतच ठेवावा लागतो.

माझे माहेर माण तालुक्यातले. तिकडे धनगर मेंढ्यांनाच बकरी म्हणतात आणि दिवाळीनंतर खतासाठी रात्री शेतात कळप बसवतात. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि भरड असते, तिची घोंगडी होते, आणि त्या लोकरीखालचे अंग बरेचसे डोळ्यांना दिसते. मी तीच नजर घेऊन इथे आले होते आणि इथल्या लोकरीने मला फसवले.

आता घरातल्या दोघांकडे वळते, कारण हाच हात त्यांच्यासाठीही आहे. हिवाळ्यात मेंढी वाळते, तर आमचा कॉली कुत्रा खंड्या आणि मनी मांजर दोघेही सुटतात. दिवस सहा तासांचा, बाहेर वादळ, त्यामुळे फिरणे कमी आणि वाडग्यात मात्र उन्हाळ्याइतकेच. दाट केसांमुळे हेही दिसत नाही. कित्येक जण आपल्या कुत्र्याचा फोटो पाठवून ‘हा बारीक आहे का?’ असे विचारतात. मला फोटोवरून सांगता येत नाही, कृपा करून फोटो पाठवू नका. त्याऐवजी स्वतःची मूठ वळा आणि बोटांच्या वर आलेल्या गाठींवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या, तर तो हडकलेला आहे. आता स्वतःचा हात सपाट पसरून त्या हाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. असे लागले, तर ठीक. आणि तळहातावर अंगठ्याखाली जी गादी असते, तशी बरगडी लागली, तर खंड्यासारखे त्याचेही वाडगे आवरते घ्यायची वेळ आली आहे.

‘खंड्याला मेंढ्यांत मोकळा सोडा, आपोआप बारीक होईल’ या सल्ल्यावर मात्र मी चिडणार आहे. तो मेंढ्या हाकायला शिकवलेला कुत्रा नाही. पाठलाग झाला की गाभण मेंढीचा गर्भ पडू शकतो, आणि स्कॉटलंडमध्ये 2021 च्या कायद्याने अशा प्रकारासाठी 40,000 पौंडांपर्यंत दंड आणि वर्षभराच्या कैदेपर्यंत शिक्षा ठेवली आहे. तो दोरीनेच फिरतो, त्याला कच्चे मटण मिळत नाही आणि जंताचे औषध वेळच्या वेळी दिले जाते, कारण कुत्र्याच्या पोटातल्या काही पट्टकृमींची (फितीसारख्या जंतांची) अंडी गवतावाटे मेंढीच्या अंगात जातात. वादळात मुख्य भूमीवरच्या ॲबर्डीन बंदरातून येणारी बोट रद्द झाली की दुकानातली फळी रिकामी होते, म्हणून मनीचे खाणे मी नेहमी दोन आठवड्यांचे भरून ठेवते आणि ते तिला कळणार नाही अशा जागी ठेवते.

आता अडीच वाजले आहेत आणि उजेड अजून तासभर टिकेल. त्या म्हाताऱ्या मेंढीला यंदा आजींनी दोन दुबळ्या सोबतिणींसह वेगळ्या कुंपणात ठेवले आहे, तिथे तिला कोणी लोटत नाही. ख्रिसमसच्या आधी तिचे दीड गुण होते. मी हातमोजा काढून तिकडे चालले आहे. आजचा आकडा व्हिडिओखाली लिहीन.