आधी पासंग, मग वजन

मंडळी, लाकडी पट्टी, सुतळी आणि बरण्यांची दोन झाकणं एवढ्यात तराजू होतो. खरी कसोटी वजनं करताना लागते.

आधी पासंग बघा. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण म्हणतो ना, तोच हा. रिकामी पारडी समोरासमोर यावीत म्हणून हलक्या बाजूला गुंडाळलेली तार. पण पासंग लावला म्हणजे तराजू खरा झाला असं नाही, हे मी पहिला अख्खा संच चुकल्यावर शिकलो. माझी दांडी 30 सेंटिमीटरची होती. मधलं भोक एक मिलिमीटर सरकलं होतं, म्हणजे एक भुजा 15.1 आणि दुसरी 14.9. रिकामा असताना काटा अगदी सरळ उभा, आणि शंभर ग्रॅमला सव्वा ग्रॅमहून जास्त खोट!

यावरचा उपाय फ्रेंच शास्त्रज्ञ बोर्डा यांच्या नावानं ओळखला जातो, आणि मला तो फार आवडतो. वाकड्या तराजूवरही तो खरं वजन देतो. उजव्या पारड्यात कोरडी वाटी ठेवा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या 50 मिलिलिटरच्या सिरिंजनं तिच्यात दोनदा पाणी घाला. सिरिंज उभी धरून टिचकी मारा, बुडबुडा वर येतो, तो काढल्याशिवाय माप धरू नका. आता डाव्या पारड्यात वाळू घालत काटा सरळ करा. मग डावीकडची वाळू तशीच ठेवून वाटी रिकामी करा, पुसून कोरडी करा, परत ठेवा. तिच्या शेजारी झाकणाची एक डबी ठेवून त्या डबीत खिळे आणि वाळू घाला, काटा पुन्हा सरळ येईपर्यंत. डबी आणि आतला ऐवज मिळून शंभर ग्रॅम. दोन्ही वेळा त्याच पारड्यात, त्याच भुजेवर तोलल्यामुळे भुजांचा फरक आपोआप निघून जातो. (उन्हाळ्यात 30 अंशांना शंभर मिलिलिटर पाणी साधारण 99.6 ग्रॅम भरतं, पण सिरिंजच्या खुणांची चूक त्याहून मोठी असू शकते.)

पुढे याच्याइतकीच वाळू तोलून तिचे दोन सारखे भाग करा. पारडी अदलाबदल करूनही काटा हलला नाही, तरच ते पन्नास-पन्नास. मग एका पन्नासाचे तसेच पाच सारखे भाग करून दहापर्यंत या. दहा ग्रॅमच्या खाली मात्र वाळू नको, तांब्याची तार घ्या. दहा ग्रॅम भरलेली तार सरळ करून लांबी मोजली की तिचा दहावा भाग एक ग्रॅम. मग 1, 2, 2, 5 असे तुकडे कापा. एक, दोन आणि दोन मिळून पाचाशी तोलले पाहिजेत.

बाजारात ही वजनं वापरू नका. 2009 च्या वैध मापन कायद्यानुसार तिथे पडताळणीचा शिक्का असलेलीच वजनं चालतात. शाळेत मात्र पोरांना हाताला घट्टे पडेपर्यंत तोलू द्या.

शेवटी 2012 ते 2018 सालातलं साधं, पिवळं पाच रुपयांचं नाणं आणा. टाकसाळीच्या मापानं ते 6 ग्रॅम. आधी ते उजव्या पारड्यात वाळूनं तोला, मग नाणं काढून त्याच जागी पाच आणि एकची तार ठेवा. काटा किती हलतो ते सगळ्यांनी मिळून बघा.