ओगराळंभर पाणी

(दृश्य: मे महिना, सकाळचे सहा. नागपूरच्या महाल भागातली एक गल्ली. काथ्याने रांजण घासल्याचा आवाज.)

या आजी रोज या वेळेला रांजण रिकामा करतात. कालचं उरलेलं पाणी समोरच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओततात, हात खांद्यापर्यंत आत घालून बूड घासतात, मग लाल फडकं भिजवून तोंडावर बांधतात. रांजण त्यांच्या दारात आहे, पण त्यातलं पाणी घरचं कुणी पीत नाही. तो प्याऊ आहे. पुण्या-मुंबईकडे ज्याला पाणपोई म्हणतात, ते.

"रोज धुतला नाही तं पाण्याले वास येते," एवढंच त्या सांगतात. हे कशासाठी करता, असं आम्ही दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी आम्हाला आधी पाणी प्यायला लावलं आणि उत्तर तसंच राहिलं.

(दृश्य: दुपारी दीड. ओस पडलेला रस्ता. तोंडाला दुपट्टा गुंडाळून जाणारा दुचाकीवाला.)

२३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पंचेचाळीसचं तर इथे कुणाला नवल वाटत नाही. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत दुपारी एक ते चार हे शहर दारं लावून कूलरसमोर पडून असतं. बाहेर असतो तो ज्याचं पोट बाहेर आहे तो. हातगाडीवाला, हमाल, सायकल रिक्षा ओढणारा म्हातारा, दुसऱ्याचं गरम जेवण पाठीवर घेऊन फिरणारा विशीतला पोरगा.

असा एक पोरगा इथे थांबला. हेल्मेट काढलं, तर केसांतून घाम गळ्यावर आला. आजींची सून बाहेर आली. "उन्हाचं कायले निघता भाऊ? बसा सावलीत, मग प्या. एकदम नका पिऊ." तो पायरीवर बसला. तिने ओगराळं बुडवलं, पेला भरला, त्याच्या हातात दिला. दोन पेले झाले, तिसरा त्याने डोक्यावर ओतला. नाव कुणी कुणाचं विचारलं नाही.

त्या पेल्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. ओगराळ्याला लांब दांडा का असतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. वरून धार सोडायची, खाली ओंजळ धरायची. हात हाताला लागू नये, भांडं ओठाला लागू नये. ज्या देशात २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे पाणी देणाऱ्याने काहीही न विचारणं ही साधी गोष्ट नाही. या सुनेने पेला हातात दिला. बोटं बोटांना लागली. तिच्या लक्षातही आलं नाही, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं.

(दृश्य: दीक्षाभूमी परिसर, ऑक्टोबर. स्तूपाच्या दिशेने चाललेली गर्दी. रस्त्याकडेला पाण्याचे पिंप.)

हेच नागपूर अशोक विजयादशमीला बघावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसं येतात, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मंडप लागतात. पाणी, पुरी-भाजी, मसालेभात, पाय दुखणाऱ्यांसाठी गोळ्या आणि मलम. गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेल्या एका आजीने पिशवीतून सुटे पैसे काढले, तेव्हा पाणी वाटणाऱ्या पोराने तिची मूठ हलकेच बंद केली. "ठेवा आजी. घरी लागतीन."

(दृश्य: पुन्हा महाल. रांजणाखालची ओली माती. तिथे पसरलेली करड्या रंगाची कुत्री.)

रांजण झिरपतो, म्हणून त्याखालची माती ओली राहते. अख्ख्या गल्लीत गार जागा ती एकच, आणि या कुत्रीने ती धरून ठेवली आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजांच्या तळव्यांना. बाकीची उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवायची. तापल्या डांबरावर चालणाऱ्या कुत्र्याकडे कधी नीट बघा, पाय उचलून उचलून टाकतं.

तिच्या नाकाजवळ मातीचं एक परळ ठेवलेलं आहे. त्यात पाणी आणि मध्ये एक दगड. दगड अशासाठी, की मधमाशी किंवा खारीचं पिल्लू आत पडलं तर त्याला चढायला जागा असावी. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

दोन साळुंक्या येतात. कुत्रीच्या तोंडापासून वीतभर अंतर. एक काठावर बसते, चोच बुडवते, मान वर करते. दुसरी सरळ पाण्यात उतरून पंख झाडते आणि शिंतोडे कुत्रीच्या डोळ्यांवर जातात. ती एक डोळा उघडते, बघते, मिटून घेते. साळुंक्या उडेपर्यंत ती हलली नाही. आमचा कॅमेरा अकरा मिनिटं चालू होता.

(दृश्य: कॉटन मार्केट. फळांच्या पेट्या. जमिनीवर पंख पसरून पडलेली घार.)

चित्रीकरणाच्या चौथ्या दिवशी आमच्या समोर आभाळातून घार पडली. पक्ष्यांना तर घामाच्या ग्रंथीच नसतात. चोच उघडी ठेवून, गळा थरथरवून ते अंग निववतात आणि तेही पुरेनासं झालं की असे कोसळतात.

एक काका बाटली घेऊन धावले आणि तिच्या चोचीत पाणी ओतायला लागले. आंबे विकणाऱ्या पोराने त्यांचा हात धरला. "वतू नका काका, श्वासाच्या नळीत जाते. मरून जाईन ते." हे त्याला कुणी शिकवलं असेल, पण बरोबर होतं. बेशुद्ध पक्ष्याला पाणी पाजायचं नसतं. त्याने गळ्यातला दुपट्टा काढून तिच्यावर टाकला. अंधार झाला की पक्षी शांत होतो. आंब्याचं खोकं रिकामं करून तिला आत ठेवली. मग एक ऑटोवाला स्वतःहून पुढे आला आणि बाटलीवाले काका खोकं मांडीवर घेऊन त्याच्या मागे बसले. तिघांचीही एकमेकांशी ओळख नव्हती.

सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. उन्हाळ्यात तिथे ऊन लागलेले पक्षी येतात, संक्रांतीला मांजाने कापलेले. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी कापलेल्या पंखांची खोकी येणं थांबलेलं नाही. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. ऑटोवाल्याने घार आत सोपवली आणि भाडं न घेता परतला. जाताना एवढंच विचारलं, "वाचन ना घार?"

(दृश्य: लाकडी बैल घेऊन दारोदार फिरणारी पोरं.)

मुक्या जीवांची ही माया या शहरात पोरवयातच अंगी बाणत असावी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळून त्याला माणसासारखं जेवणाचं आवतन द्यायचं आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडाचा बैल सजवून फिरवतात, दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मिळतो. ज्याच्या घरी कधी गोठा नव्हता तो पोरगाही बैलाच्या शिंगाला बेगड लावताना त्याला दुखू नये अशा बेताने हात चालवतो.

(दृश्य: संध्याकाळचे सात. महालातली तीच गल्ली. रांजण.)

ऊन उतरलं. रांजणात हातभर पाणी उरलं आहे. कुत्री उठून अंग झाडते आणि फिरायला निघते. आजी झाकण काढायला येतात, तर झाकणावर दोन कैऱ्या. देठाला अजून चीक आहे. दुपारी कुणी पाणी पिऊन गेलं आणि ठेवून गेलं, भाजीवाला असेल नाहीतर आणखी कुणी. आजी गल्लीत दोन्हीकडे बघतात. कुणी नाही. त्या कैरीचा वास घेतात आणि आत वळून सुनेला हाक मारतात.

"बाई, उद्या पन्हं करू. मोठ्या गंजात कर."