पांढरं फूल, हिरवा टाळ

नमस्कार श्रोतेहो.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. हल्ली माझ्याकडे लग्नाची फुलं ठरवायला येणाऱ्या मुली मोबाईल पुढे करतात आणि एकच सांगतात, 'सगळं पांढरं-हिरवं हवं.' मागे उभ्या असलेल्या आजीचा चेहरा तेवढ्यात पडतो. लग्नात पांढरं कशाला? अशा वेळी मी आजींनाच विचारते, तुमच्या केसांत त्या दिवशी काय होतं? उत्तर बहुधा मोगरा, नाहीतर जायांची फाती, म्हणजे जाईच्या कळ्यांची वेणी. अंतरपाट पांढरा, मुंडावळ्यांचे मोती पांढरे, दारावर आंब्याचा हिरवा टाळ. गोव्यात म्हार्दोळला म्हाळसा देवीची जायांची पूजा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तर पांढऱ्या फुलांचं मंगलपण वेगळं सांगायला नको.

वधूच्या हातातला पांढरा गुच्छ मात्र युरोपातून आला. १८४० साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं लग्नात पांढरा पोशाख केला, डोक्यावर मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांचं कडं घातलं, आणि ती चाल पसरत गेली. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत गुच्छ लागतोच. हिंदू वधूच्या हातात मात्र विडा-नारळ असतो, त्यामुळे तिची फुलं वेणीत, हारात आणि मखरावर. आधी हे ठरवा, मग फोटो दाखवा.

आता मुख्य गोष्ट. आपल्या लग्नाची फुलं 'आपली' कशानं होतात? थर्माकोलवर फुलांनी नावं लिहून होत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. घराशी नातं असलेलं एखादंच फूल निवडावं. अंगणात अनंत असेल तर त्याची चार फुलं गुच्छात हवीत. पण अनंताला बोट लागलं की पाकळी तपकिरी होते, तेव्हा ती देठाला धरून अगदी शेवटी खोवायची. नवरा वेंगुर्ल्याकडचा आणि लग्न फाल्गुनात असेल तर सुरंगी का नको? तिच्या मधला पिवळा पुंजका रंगसंगतीत बसत नाही म्हणतात. मला तो हवाच वाटतो, आणि गजरा सुकला तरी त्याचा वास जात नाही. गुच्छाच्या मुठीला आईच्या लग्नातल्या साडीचा काठ गुंडाळता येतो. गुच्छ सुकतो, काठ राहतो.

पांढऱ्यातही फसगत आहे. निशिगंध, मोगरा आणि पांढरी शेवंती टेबलावर शेजारी ठेवून बघा. मोगरा लख्ख पांढरा, निशिगंधाच्या कळीच्या टोकाला गुलाबी झाक, शेवंती सायीसारखी. एकत्र गुंफली की शेवंती उगाच शिळी दिसायला लागते. म्हणून मध्ये हिरवं घालायचं. हारात दोन पांढऱ्यांमध्ये मरव्याचा पट्टा घातला की दोन्ही उजळतात, आणि वास मिळतो तो वेगळाच. नमुना बघायचा तोही हॉलच्या दिव्याखाली. दुकानातल्या उजेडावर भरवसा ठेवू नका.

मांडवाच्या हिरव्यासाठी मात्र दूर जाऊ नका. विणलेली माडाची चुडतं, केळीचे खांब, सुपारीचे हिरवे घड. चतुर्थीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधणारा माणूस घरात असेल तर अर्धं काम त्याच्यावर सोपवा. फुलं टोचायला फोमची वीटही लागत नाही. केळीच्या खांबाचे जाड काप घ्या, देठ त्यात घट्ट बसतात आणि ओलही राहते. फोम हे प्लास्टिक आहे, लग्नानंतर ते आपल्याच शेताच्या कडेला जाऊन पडतं.

ऋतू पाळा. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यातला. डिसेंबरात तो हट्टानं मागवला तर महाग पडतो. तेव्हा कुंदा घ्यावा, दिसायला जवळपास तसाच, वास मात्र बेताचा. वासाची ती उणीव निशिगंध भरून काढतो.

आणि वेळ. मोगऱ्याची टपोरी कळी सकाळी खुडतात, ती संध्याकाळी उमलते. आदल्या रात्री उमललेला गजरा सकाळी अकराच्या मुहूर्ताला घातलात तर जेवणाच्या पंगतीपर्यंत काळवंडायला लागतो. मुहूर्ताला त्याच दिवशी खुडलेल्या मिटल्या कळ्यांचाच गजरा घाला. संध्याकाळच्या रिसेप्शनला तो केसांतच फुलेल. कळ्या ओल्या फडक्यात, वरून केळीचं पान, अशा ठेवायच्या. पाणी शिंपडून प्लास्टिकच्या पिशवीत कोंडल्या तर कुजतात.

हार नाभीच्या खाली चार बोटं पुरे. गुडघ्यापर्यंतचा जड हार घालून नवरा वाकलेलाच दिसतो. आणि माळा बदलताना फुलं गळतातच, तेव्हा मूठभर कळ्या आणि ओवलेली सुई करवलीजवळ आधीच देऊन ठेवा.

नमस्कार.