कुत्र्याने बीपीची गोळी खाल्ली आणि तो मस्त खेळतोय? तरीही आत्ताच फोन करा

नमस्कार. कमेंटमध्ये परत परत येणारा प्रश्न: 'आजोबांची अम्लोडिपिन आमच्या कुत्र्याने खाल्ली, पण तो एकदम ठीक आहे. वाट बघू का?'

नाही. व्हेटला फोन लावा, आत्ता.

फोनवर काय सांगायचं? स्ट्रिप हातात घ्या. औषधाचं नाव, मिलिग्रॅम, किती गोळ्या गेल्या, कधी गेल्या, कुत्र्याचं वजन. आकडा नक्की नसेल तर जास्तीत जास्त जेवढ्या गेल्या असतील तेवढ्या सांगा. नावापुढे एक्सएल, ईआर, एसआर असं काही असेल तर तेही वाचून दाखवा. त्या गोळ्या पोटात सावकाश सुटतात, त्रास कित्येक तासांनी सुरू होतो.

आता ते 'ठीक आहे'. अम्लोडिपिन हळू चढते. पूर्ण परिणाम दिसायला सहा तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. तासाभराने कुत्रा शेपूट हलवतोय, यावरून काहीच कळत नाही.

बरं, उलटी करवून गोळी बाहेर काढायची तर ती साधारण पहिल्या एक-दोन तासांतच. म्हणजे तो ठीक दिसतो, तीच उपचाराची वेळ. लक्षणं दिसेपर्यंत थांबलात तर ती गेली.

आणि 'एकच तर गोळी' म्हणणाऱ्यांनी हिशोब करा. हेच औषध कुत्र्यांनाही देतात, पण किलोला 0.1 ते 0.4 मिलिग्रॅम. सहा किलोच्या स्पिट्झने 5 मिलिग्रॅमची एक गोळी खाल्ली, तरी वरच्या मर्यादेच्या दुप्पट झाली.

कृपा करून उलटी करवायला मिठाचं पाणी पाजू नका! आणि कमेंटमध्ये तो सल्ला देऊही नका. रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, जीवही जातो. हायड्रोजन पेरॉक्साइडसुद्धा व्हेटने सांगितल्याशिवाय नाही. कुत्रा सुस्त असेल तर उलटी फुफ्फुसात जाऊ शकते.

गोळी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल (ही बीपीचीच दुसरी औषधं) असेल तर ठोके मंदावतात, रक्तातली साखरही उतरू शकते. मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी 15 सेकंद मोजा, चारने गुणा. जागा असताना 60च्या खाली, हिरड्या पांढुरक्या, चालताना झोकांड्या, यातलं काहीही दिसलं तर तसंच उचलून निघा.

दवाखाना निवडताना विचारा: ईसीजी आहे का, बीपी मोजता का, रात्रभर ठेवून घेता का? सलाइन, शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) हे सगळं ठोके आणि बीपी बघतच द्यावं लागतं. सावकाश सुटणारी गोळी असेल तर निदान 24 तास तिथेच राहू द्या.