सावली खरी हवी

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावण लागला की ठाण्यात, वाशी-नेरूळला सोसायट्यांमधून गणपतीच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू होतात. दहा मिनिटांचं विनोदी काहीतरी बसवायचं ठरलं की कुणीतरी गुप्तहेराचा विषय काढतंच. लांब कोट, कलती टोपी, दारात उभी असलेली गूढ बाई. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचलेली मंडळी पहिल्या रांगेत असतात, त्यामुळे विषय चालतोही. पण बहुतेक वेळा पडदा उघडताच नट डोळे मिचकावतो आणि सगळं तिथेच फसतं. म्हणून आज गुन्हेपटांची थट्टा करणाऱ्या चित्रपटांविषयी बोलू.

ज्यांची थट्टा होते ते मूळ चित्रपट दोन पिढ्यांचे. पहिली पिढी 1940च्या दशकातल्या अमेरिकेची. त्यांना नुआर म्हणतात. कृष्णधवल चित्र, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, नायकाचं स्वतःचंच निवेदन आणि त्याला खड्ड्यात घालणारी देखणी बाई. 1944चा ‘डबल इन्डेम्निटी’ हा त्यातला नमुना: विम्याच्या पैशासाठी नवऱ्याचा खून. दुसरी पिढी 1981च्या ‘बॉडी हीट’पासून 1992च्या ‘बेसिक इन्स्टिंक्ट’पर्यंतची. गुन्हा तोच, फक्त रंगीत झाला आणि शयनगृहात शिरला.

यांची थट्टा करण्याचा नियम एकच. सगळं हुबेहूब करायचं आणि एकच गोष्ट वाकडी करायची. पुन्हा सांगतो: सगळं हुबेहूब, वाकडी एकच गोष्ट.

आता याचा सगळ्यात सुंदर दाखला ऐका. 1982 साली दिग्दर्शक कार्ल रायनर आणि नट स्टीव्ह मार्टिन यांनी ‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ नावाचा चित्रपट केला. त्यांनी दीड डझनाहून जास्त जुन्या चित्रपटांतले तुकडे कापून घेतले आणि नव्या गोष्टीत असे शिवले की 1982चा गुप्तहेर 1940च्या दशकातल्या नटनट्यांशी बोलतो. हम्फ्रे बोगार्ट, इन्ग्रिड बर्गमन, कॅरी ग्रँट, सगळे त्याच्याशी बोलतात. आणि हे 1982चं आहे, संगणकावर माणसं चिकटवण्याच्या आधीचं.

मग जमवलं कसं? टेलिफोन हा सगळ्यात सोपा मार्ग. बार्बरा स्टॅनविक 1948च्या चित्रपटात फोनवर बोलते, इकडे मार्टिन फोन उचलतो. दोघांना एका खोलीत असावंच लागत नाही. अवघड काम समोरासमोरच्या प्रसंगाचं. जुन्या तुकड्यात बाई वर डावीकडे बघत असेल, तर मार्टिनने खाली उजवीकडे बघायला हवं. दोघांनी एकाच बाजूला पाहिलं की ती एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही, दोघं कुणा तिसऱ्याकडे बघतायत असं वाटतं. दिव्याचंही तसंच. जुन्या चित्रात नाकाची सावली टोकदार असेल, तर नव्या चित्रात ती मऊ चालत नाही.

कधी जुन्या तुकड्यात समोरच्या माणसाची पाठ किंवा खांदा दिसतो. मग मार्टिनला तसाच पोशाख लागतो. ती पाठ बाईची असेल तर? तर मार्टिनने सोनेरी केसांचा टोप घातला आणि तो फ्रेड मॅकमरेसमोर उभा राहिला. जेम्स कॅग्नीच्या तुकड्यासाठी तो त्याची म्हातारी आई झाला. आणि हे सगळं गंभीर चेहऱ्याने.

कपडे कुणी केले? ईडिथ हेड यांनी. 1944च्या ‘डबल इन्डेम्निटी’तले स्टॅनविकचे कपडे त्यांचेच. संगीत मिक्लोश रोझा यांचं, ‘डबल इन्डेम्निटी’चं संगीतही त्यांचंच. म्हणजे थट्टेसाठी नक्कल करणारी माणसं आणली नाहीत, मूळ कारागीरच बोलावले. अडतीस वर्षांनी त्याच हातांनी तेच काम केलं. ईडिथ हेड ऑक्टोबर 1981मध्ये वारल्या, चित्रपट त्यानंतर लागला आणि तो त्यांनाच अर्पण केलेला आहे.

तरी एक शिवण उसवलेली राहिलीच. बोगार्टचे तुकडे वेगवेगळ्या चित्रपटांतले. एकात गळ्यात टाय, दुसऱ्यात नाही. लपवायचं कसं? त्यांनी लपवलंच नाही. गुप्तहेर बोगार्टला ठणकावतो, टाय घालत जा! जी चूक झाकता येत नाही ती पात्राच्या तोंडी द्यायची, तीही गंभीर आवाजात.

आणि जाता जाता, जुने कृष्णधवल चित्रपट रंगवून दाखवण्याची खोड बंद व्हायला हवी. त्या चित्रपटांचा जीव सावलीत आहे. सावली तपकिरी केली की उरतं काय?

याच रायनरनी 1993 साली ‘फेटल इन्स्टिंक्ट’ केला, शयनगृहवाल्या दुसऱ्या पिढीची थट्टा. नायक पोलीसही आणि वकीलही, ज्याला पकडतो त्याचाच खटला लढवतो. अशा चित्रपटांत पार्श्वभूमीला सॅक्सोफोन वाजतो ना? इथे वाजवणारा माणूसच पडद्यावर येतो.

आता आपला हॉल. पट्ट्यांच्या सावलीसाठी फ्रिजचं खोकं घ्या. तीन फूट रुंद, चार फूट उंच पुठ्ठा, त्यात दोन-दोन इंचांच्या आडव्या फटी, मध्ये दोन-दोन इंचांच्या पट्ट्या. कडेला तीन इंच सोडा. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि पट्ट्या मध्यभागी लोंबतात. म्हणून मागून मधोमध उभी सुतळी ताणून प्रत्येक पट्टीला चिकटवा. खऱ्या पट्ट्यांच्या पडद्यालाही दोरी असते, त्यामुळे तिची सावलीही शोभते. पुठ्ठा नटापासून तीन फुटांवर आणि दिवा पुठ्ठ्यामागे बारा फुटांवर ठेवा. दिवा लहान तोंडाचा, एकच. पसरट एलईडी पॅनल लावलंत तर सावल्या एकमेकींत मिसळून नुसता राखाडी डाग पडेल. हॉलच्या बाकी सगळ्या ट्यूब बंद. मंडपातली रोषणाईसुद्धा, तेवढी दहा मिनिटं.

निवेदन आधी रेकॉर्ड करा. पंखा बंद, तोंड माईकपासून एक वीत. वाक्यं छोटी. आणि वाकडी गोष्ट तिसऱ्यांदा आणा. पहिल्या दोन वेळा निवेदन सरळ चालू द्या, प्रेक्षकांना सवय होऊ द्या. तिसऱ्यांदा निवेदन म्हणतं, ‘ती दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाऊस होता.’ आणि बाई म्हणते, ‘साहेब, पाऊस बाहेर आहे, आत घ्या ना मला.’ तिने हे खरोखर भिजलेल्या बाईसारखं म्हणायचं. ती हसली तर प्रेक्षक हसणार नाहीत. पुन्हा सांगतो, नटाने हसायचं नाही.

शृंगाराचं काय, समोर मुलं बसलेली असतात! थट्टा तयारीची करा, शृंगाराची नको. संथ पंखा, सॅक्सोफोन, आठ मात्रांत मागे वळून पाहणं. नवव्या मात्रेला दारावरची बेल आणि दूधवाला. बेल खरी वाजवा, तोंडाने नको. आणि ध्वनी सांभाळणाऱ्या मुलाला आधीच बजावा, विनोदावर ‘टुंग’ असा आवाज टाकायचा नाही.

पहिल्या दोन तालमी विनोद काढून करा, नुसती रहस्यकथा म्हणून. तशी ती उत्कंठेने बघवली, तरच तिसऱ्या तालमीला विनोद घाला. नाही बघवली, तर आधी रहस्य दुरुस्त करा.

नमस्कार.