दाराला ओल कुठून येते?

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा लागला की कणकुंबीपासून बेळगावपर्यंत घरोघरी एकच गाऱ्हाणं: दाराशी ओल येते. उंबऱ्यात पाणी, चौकटीला बुरशी.

आमच्या आत्तीचं घर खानापुरात. परसाकडं पत्र्याचं दार, त्याला लागून न्हाणी. श्रावणात रोज सकाळी उंबऱ्याशी पाणी साचायचं. पावसाचंच असणार म्हणून एका गवंड्यानं बाहेरून सिमेंट भरलं. पाणी येतच राहिलं. दुसऱ्यानं आतून भरलं. तरी तेच. शेवटी चौकटीचा पाय कुजला, तेव्हा एक म्हातारे सुतार आले. त्या रात्री पावसाचा थेंब नव्हता. त्यांनी दाराला बाहेरून हात फिरवला, मग आतून. आतल्या पत्र्यावर मोहरीएवढे थेंब. एक दुसऱ्याला मिळायचा आणि ओघळ खाली उंबऱ्यात. म्हणाले, "वैनी, भायेर कोरडं हाय की! हे पावसाचं न्हवं, तुमच्या बंबाचं पाणी." पहाटे बंब पेटायचा, सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या आणि गार वारं नको म्हणून न्हाणीची खिडकी बंद! वाफ जाणार कुठं? गार पत्र्यावर. सुतारांनी आतलं सिमेंट आधी फोडलं, कारण त्यानंच पाणी अडून चौकट भिजत होती. कुजका पाय कापून सागवानाचा तुकडा जोडला. खिडकी उघडी राहू लागली आणि उंबरा कोरडा झाला.

हवा २५ अंशांची आणि ८० टक्के दमट असेल, तर २१ अंशांच्या पत्र्यावरही पाणी धरतं. म्हणून आधी हात लावून बघा. पुन्हा सांगतो, आधी हात लावा, सिमेंट नंतर. बाहेर कोरडं, आत ओलं, तर वाफ. भिंत खालून ओली आणि लोणा, म्हणजे पांढरं मीठ, धरलेला, तर ओल बहुधा जमिनीची. तिथं खिडकी उघडून भागत नाही.

आणि घराला सोपा, म्हणजे दारापुढची पडवी, हवाच. नव्या बंगल्यांना दर्शनी काचा असतात, पण दारापुढं हातभर छप्पर नसतं. पाहुण्यानं छत्री मिटायची कुठं? मला हे अजिबात पटत नाही.

लाकडी दार फुगलं तर भर पावसात रंधा मारू नका. उन्हाळ्यात फट पडते. उघडीप मिळाली की दार उतरवा, खालची कड वाळू द्या आणि तिला रंग द्या. ती कड दिसत नाही म्हणून कोरीच राहते, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच.